वीतभर वणाची कैफियत

संपादकांनी यंदाही माझ्याकडे कथाच मागितली होती. सणाचा अंक, घरातली लहानथोर मंडळी फराळाच्या ताटाशेजारी तो घेऊन बसणार, तेव्हा काही हलकेफुलके द्या, असे त्यांचे पत्र. सूचना रास्त आहे. तरीही मी कथा आणलेली नाही; भांडण आणले आहे. ते भांडण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर करायच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे. 'शिव शिव! दिवाळीच्या दिवसांत हा कसला विषय?' असे कोणी म्हणेलच. ज्या घरात या अवयवाचे नाव काढायला वर्षाच्या बारा महिन्यांत एकही दिवस सोयीचा सापडत नाही, त्या घराला दिवाळीचा दिवस काय वाईट?

आधी माझा अधिकार सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको. अधिकार काहीच नाही. माझे शिक्षण मॅट्रिकचे; हल्ली त्याला दहावी म्हणतात. बालवाडीत शिकवते, संध्याकाळी चौथीपर्यंतची मुले हिशेबाला घरी येतात आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. म्हणजे वैद्यकातले मला कळत नाही, पण वजाबाकी कळते, शेकडेवारी कळते, आणि समोरचा माणूस काय बोलला आणि काय बोलायचे त्याने टाळले, हेही थोडेफार कळते. या लेखाला एवढे भांडवल पुरेसे आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. 2021 साली त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. पाळी नसतानाही अधूनमधून अंगावर जात होते. चार महिने त्यांनी कोणाला सांगितले नाही, पाचव्या महिन्यात मला सांगितले. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, तुकडा काढून पाठवला आणि निदान आले: गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, गाठ तीन सेंटिमीटरची, मुखाबाहेर पसरलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर कळलंय. नशीब समजा. शस्त्रक्रियेनं यातून माणूस उठतं." खरेच आहे ते. मुखापुरत्याच असलेल्या या रोगात योग्य उपचार झाले, तर बहुतेक बायका पाच वर्षांनीही धडधाकट असतात.

आम्ही शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. त्याचे नाव मी लिहिणार नाही. माझे भांडण एका पाटीशी नाही. तिथल्या सर्जनसाहेबांनी आम्हांला पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. दुर्बीण, लांब दांड्यांच्या कात्र्या, सगळे कसे चकचकीत! मोठ्या भाऊजींनी तीन प्रश्न विचारले. खर्च किती? दिवस किती? आणि तिसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात, "डॉक्टरसाहेब, पोटावर वण राहील का हो?"

साहेब हसले. "अहो, चार भोकं. महिन्याभरानं शोधून सापडणार नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी."

झाले! भाऊजींनी पतसंस्थेचे कर्ज काढले. पोट उघडून करण्यापेक्षा या पद्धतीला पैसे जास्त पडणार होते, पण 'बायकोसाठी काही कमी करायचे नाही' ही त्यांची वृत्ती. त्याबद्दल त्यांना दोष नाही. अक्का तिसऱ्या दिवशी घरी आल्या, दहाव्या दिवशी चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि आळीतल्या बायका वण बघायला येऊन 'बाई, बाई! शास्त्र किती पुढं गेलं!' म्हणून परतल्या. 2023 साली कटिभागात रोग पुन्हा उगवला.

आता वाचकहो, इथे थांबा. 'दुर्बिणीनेच घात केला' असे मी म्हणेन, अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसे म्हणणार नाही. पोट उघडून शस्त्रक्रिया केली तरी काही बायकांमध्ये रोग परत येतो, आणि एकट्या अक्कांच्या बाबतीत तो कशाने आला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. माझी तक्रार निराळी आहे. 2021 साली त्या खोलीत बसलेल्या डॉक्टरांना जे ठाऊक होते, किंवा ठाऊक असायलाच हवे होते, ते त्या खोलीत बसलेल्या रोग्याला कोणी सांगितले नाही. ती गोष्ट 2018 सालीच छापून आली होती.

ती अशी. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या कर्करोग संस्थेतले डॉक्टर पेड्रो रामिरेझ आणि निरनिराळ्या देशांतले त्यांचे सहकारी यांनी 2008 साली एक मोठी परीक्षा मांडली. प्राथमिक अवस्थेतला हाच रोग, हीच मोठी शस्त्रक्रिया, मार्ग मात्र दोन. निम्म्या बायकांची शस्त्रक्रिया पोट उघडून करायची, निम्म्यांची दुर्बिणीने, आणि कोणाच्या वाट्याला काय येईल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवायचे. ही काही दुर्बिणीच्या शत्रूंनी रचलेली परीक्षा नव्हती. नवी पद्धत जुन्या पद्धतीहून कमी पडत नाही, एवढे सिद्ध व्हावे म्हणून ती मांडली होती. तिच्यामागे उपकरणे करणाऱ्या एका कंपनीचेही पैसे होते. 740 बायका घ्यायच्या असे ठरले होते. 631 झाल्या आणि 2017 साली देखरेख समितीने परीक्षा थांबवायला लावली. कारण आकडे बघवत नव्हते.

ते आकडे माझी भाची माझ्या ओट्यावर घेऊन आली. ती परिचारिकेचे शिक्षण घेते. अक्कांचा रोग उलटल्यावर तिने तो मूळ निबंध शोधून काढला आणि मला मराठीत समजावून दिला. दुर्बिणीच्या बाजूला 319 बायका होत्या. त्यांतल्या 27 जणींचा रोग परत आला. पोट उघडलेल्या बाजूला 312. त्यांतल्या सात जणींचा. मी पाटीवर भागाकार मांडला. शेकडा साडेआठ आणि शेकडा सव्वादोन. मृत्यू एकीकडे 19, दुसरीकडे तीन. 2024 साली या परीक्षेचा शेवटचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यातही गणित उलटले नाही. साडेचार वर्षांनंतर रोगाशिवाय हयात असलेल्या बायका पोट उघडलेल्यांत शेकडा 96, दुर्बिणीने केलेल्यांत शेकडा 85. नुसते जगणे मोजले तर शेकडा 96.2 आणि 90.6. माझ्या चौथीतल्या पोराला ही वजाबाकी घातली तर तो चुकणार नाही. शंभर बायकांमागे पाच ते सहा आया! एवढ्या आया म्हणजे माझ्या बालवाडीतली एक अख्खी सतरंजी.

हे असे का व्हावे? ओट्यावर बसून मलाही तोच प्रश्न पडला. ही शस्त्रक्रिया म्हणजे नुसती पिशवी काढणे नव्हे. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी 1898 साली ती पोट उघडून करायला सुरुवात केली. बोस्टनच्या जो मेग्ज यांनी 1944 च्या सुमारास कटिभागातल्या ग्रंथी काढण्याची जोड देऊन तिला नवे रूप दिले. आणि आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉक्टर सुबोध मित्र यांनी खालच्या मार्गाने ती करण्याची आपली अशी रीत बसवली. गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंचे आधाराचे ऊतक, योनिमार्गाचा वरचा थोडा भाग आणि ग्रंथी, हे सारे एका गाठोड्यासारखे न फुटता बाहेर यावे, हा तिचा प्राण. गाठोडे बांधताना गाठ घट्ट मारावी लागते, हे कोणत्याही परटाला ठाऊक आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय हवे तसे वळवता यावे म्हणून पुष्कळदा खालून, त्या रोगट मुखातूनच, एक दांडी आत घालतात. पोट कार्बन डायॉक्साइडने फुगवतात. आणि मार्ग कापताना गाठ पोटाच्या पोकळीत उघडी पडू शकते. यांतले नेमके काय भोवते, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण कारणावर एकमत होईपर्यंत परिणामही झाकून ठेवावा, हे कुठल्या शास्त्रात बसते?

दुर्बिणीच्या कैवाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: परीक्षेतले सर्जन कच्चे असतील. हे बोलणे सोपे आहे. प्रत्येक केंद्राला आधी दुर्बिणीने केलेल्या निदान दहा शस्त्रक्रियांची नोंद आणि काटछाट न केलेल्या दोन चित्रफिती दाखवाव्या लागल्या होत्या. ते जर कच्चे, तर तालुक्यातालुक्यातून पाट्या लावून बसलेले पक्के कशावरून? शिवाय त्याच 2018 साली अमेरिकेतल्या 2461 बायकांच्या नोंदी तपासून दुसऱ्या मंडळींनी स्वतंत्र हिशेब मांडला. चार वर्षांत मृत्यू दुर्बिणीच्या बाजूला शेकडा 9.1, उघड्या शस्त्रक्रियेत शेकडा 5.3. निरनिराळ्या पाट्या, पण उत्तर एकाच दिशेचे.

दुसरा आक्षेप: पोट उघडले की वेदना, रक्तस्राव, इस्पितळातले दिवस. कबूल! रक्त जास्त जाते, दिवसही जास्त लागतात. परंतु त्याच परीक्षेतल्या बायकांना त्यांच्या खाण्याझोपण्याबद्दल, कामाबद्दल, मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारून 2020 साली त्याचाही निकाल प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंच्या बायकांच्या एकंदर जगण्याच्या प्रतीत फरक आढळला नाही. म्हणजे जिच्या बदल्यात एवढा धोका पत्करायचा, ती सोयही सहा आठवड्यांत विरून जाते. गूळ संपला, पण मुंगळा चिकटलेलाच!

तिसरा आक्षेप: तुम्ही जुन्याला कवटाळता. मुळीच नाही. 2024 साली आणखी एका परीक्षेचा निकाल लागला. त्यात 700 बायका होत्या, सगळ्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरच्या आतल्या आणि फार खोल न गेलेल्या. निम्म्यांची ही मोठी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांचे बाजूचे ऊतक न खरवडता साध्या रीतीने गर्भाशय काढले. ग्रंथींची तपासणी दोघींचीही. तीन वर्षांनी कटिभागात रोग परत आला तो मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा 2.17 जणींत, साध्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा 2.52 जणींत. फरक नगण्य. उलट लघवीचा त्रास साध्या शस्त्रक्रियेनंतर कमी. यांतल्या बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीने किंवा रोबोटने झालेल्या होत्या, हेही मी लपवीत नाही. मूत्राशयाच्या नसा त्या बाजूच्या ऊतकातून जातात. त्या दुखावल्या तर लघवीची जाणीव बोथट होते, महिनोन्‌महिने नळी बाळगावी लागते. ते दुःख टळत असेल तर कोणाला नको आहे? तेव्हा लहान गाठीचा न्याय निराळा, मोठ्या गाठीचा निराळा. दोन सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर यांत एका बोराचे अंतर आहे. त्या अंतरावर बाईचे आयुष्य टांगलेले असते. आणि ते अंतर आम्हांला कोणी दाखवले नाही. आम्हांला चित्रफीत दाखवली.

चौथा आक्षेप सगळ्यांत वाईट, कारण तो दयाळूपणाचा वेष घेऊन येतो. 'बायकांना एवढे आकडे सांगून घाबरवायचे कशाला? त्यांना काय कळते?' अहो साहेब, भाजीवालीशी आठ आण्यांवरून घासाघीस करणारी, भिशीचा हिशेब बिनकागदी तोंडपाठ ठेवणारी, पोराच्या प्रगतिपुस्तकातला अर्धा गुण कुठे गेला हे मला वर्गाबाहेर गाठून विचारणारी बाई! तिला शंभरातले अकरा कळत नाहीत? कळू द्यायचे नसतात, असे म्हणा. 2018 च्या निकालानंतर युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूत्रांनी या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडण्याचा मार्गच प्रमाण मानला. रोबोटच्या बाबतीत निराळे काही दिसते का, हे पाहायला नव्या परीक्षाही हाती घेतल्या गेल्या. चांगली गोष्ट आहे. तिथे ज्या बाईला घेतात तिला आधी सांगतात, तिची सही घेतात. आमच्या अक्कांवर परीक्षा झाली नाही का? झाली. फक्त ती परीक्षा आहे, हे त्यांना कळवले नव्हते.

डॉक्टरांना पुष्कळ बोलले. आता तुम्हांआम्हांला बोलते, कारण भाऊजींचे ते तीन प्रश्न डॉक्टरांनी शिकवले नव्हते.

वण दिसेल का? वा! अक्कांच्या पोटावर धाकट्याच्या वेळचा सिझेरियनचा चिरा आहे, चांगला वीतभर. वीस वर्षांत कोणी त्याची चौकशी केली नाही. त्या चिऱ्यातून घराला मुलगा मिळाला होता. तो वण म्हणजे कौतुक. पण ज्या चिऱ्यातून बाईला तिचे स्वतःचेच आयुष्य मिळायचे, तो मात्र दिसता कामा नये! वंशासाठी फाडलेले पोट चालते, तिच्यासाठी उघडलेले चालत नाही. हा हिशेब मी कोणत्या पाटीवर मांडू?

किती दिवसांत घरी? यातली मेख बायकांना लगेच कळेल. तिसऱ्या दिवशी घरी म्हणजे दहाव्या दिवशी चुलीशी. पोट उघडले असते तर सहा आठवडे विश्रांती द्यावी लागली असती आणि तेवढे दिवस घरातल्या पुरुषांना भाकरी कोणी घालायची, हा खरा पेच होता. तो पेच कोणी बोलून दाखवला नाही. मीही नाही. त्या खोलीत मीही बसले होते, आणि 'बरं झालं बाई, लवकर उठतील' असे मनात म्हटले होते. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण दुसऱ्याला बोलायचे तर आपले माप आधी पदरात घ्यावे.

म्हणून काही प्रश्न लिहून देते. अंकाचे हे पान फाडून ठेवलेत तरी चालेल. गाठ केवढी आहे, सेंटिमीटरमध्ये सांगा. ती मुखापुरतीच आहे का, आणि हे कोणत्या तपासणीवरून म्हणता? साधी शस्त्रक्रिया पुरेल की मोठीच लागेल? मोठी लागणार असेल तर 2018 च्या परीक्षेचा निकाल आमच्या बाईला लागू पडतो की नाही? तरीही दुर्बिणीनेच करा म्हणता, ते कशासाठी? आणि शस्त्रक्रिया करायलाच हवी का? कारण सुरीलाही पर्याय आहे. इटलीत 343 बायकांवर झालेल्या आणि 1997 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, दोन्ही मार्गांनी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण सारखेच, शेकडा 83 निघाले होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2018 साली आपल्याच देशातल्या 635 बायकांचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांचा रोग अक्कांच्या रोगापेक्षा पुढे गेलेला होता. तिथे आधी औषधे आणि मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरण आणि औषधे बरोबर दिल्याने रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे कधी सुरी, कधी किरण. कधी मोठा चिरा, कधी लहान. रोग पाहून ठरवायचे असते. उपकरणाचा हप्ता पाहून ठरवायचे नसते.

आणि हे सगळे प्रश्न विचारायची संधी त्याच बाईला मिळते, जिचा रोग लवकर सापडतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा रोग झाला आणि सुमारे 80 हजार बायका त्याने गेल्या. बहुतेकींचा रोग उशिरा, शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावरच कळतो. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून बारा वर्षे एक काम केले. गर्भाशयाच्या मुखाला शिरक्यासारखे पातळ आम्ल लावायचे, पांढरा डाग उमटतो का पाहायचे, उमटला तर पुढे पाठवायचे. त्या तपासणीने या रोगाचे मृत्यू शेकडा 31 ने घटले. ती तपासणी करणाऱ्या बायका कोण होत्या, ठाऊक आहे? दहावी शिकलेल्या; चार आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या. मॅट्रिकवाल्यांना काय कळते, हा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारू नये.

अक्का आज आहेत. पुन्हा शहराच्या वाऱ्या, सहा आठवडे किरण, औषधे, आतून दिलेली किरणे, सगळे सोसून त्या आहेत. डावा पाय सुजतो, म्हणून पाट टाकून बसता येत नाही. यंदा स्टुलावर बसून करंज्या केल्या. दर तपासणीच्या आधीच्या रात्री त्या जाग्या असतात. मी हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "लिही. पण डॉक्टरांना शिव्या घालू नकोस गं. त्यांनी जीव लावून केलं होतं."

"नाही घालत," मी म्हटले. "पण तुम्ही सांगा अक्का, तेव्हा तुम्हांला कोणी विचारलं असतं, तर काय म्हणाला असता?"

त्यांनी करंजीची कड हाताने दुमडून मुरड घातली, नीट बंद झाली का ते दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि म्हणाल्या, "म्हटलं असतं, गळ्यापासून खालपर्यंत फाडा. पण मला विचारलं कुणी?"